फीडवर वाचलेली मराठी

मराठी ब्लॉगांच्या बहराचा काळ मी २००४ ते २०१३ असा धरतो. परवान्याच्या वादाची ठिणगी मात्र अमेरिकेत पडली होती. मे २००४ मध्ये सिक्स अपार्ट या कंपनीनं 'मूव्हेबल टाइप'ची तिसरी आवृत्ती काढली. बेन आणि मेना ट्रॉट या जोडप्यानं २००१ मध्ये तयार केलेलं हे सॉफ्टवेअर तोवर ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या गळ्यातला ताईत होतं. नव्या परवान्यात फुकट किती लेखक, किती ब्लॉग यावर मर्यादा आली; त्यापुढे पैसे मोजा. कंपनीला तसा हक्क होताच. पण लोक बिथरले, आणि मार्क पिल्ग्रिमसारखे नावाजलेले लेखक जाहीरपणे वर्डप्रेस या मुक्त सॉफ्टवेअरकडे गेले. वर्डप्रेस तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. मिशेल वाल्द्रिगीचं 'बीटू' हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर रेंगाळलं होतं, तेच मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये पुढे चालवायला घेतलं. तशी मुभा बीटूच्या जीपीएल या मुक्त परवान्यातच होती.

मराठीत बहुतेकांनी या दोन्ही वाटा सोडून ब्लॉगर धरलं. ते फुकट होतं, २००३ पासून गूगलचं होतं आणि त्यात युनिकोड देवनागरी चालत होती. सर्व्हर भाड्यानं घेऊन त्यावर सॉफ्टवेअर चढवणं पुण्या-मुंबईतही थोड्यांनाच जमत होतं. आमच्या मंचेरियलमध्ये तर तो विचारही कोणाच्या डोक्यात आला नसता. तेव्हा आमचं गाव आंध्र प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचं. कोळशाच्या खाणी, गोदावरी, तेलुगू पाट्या. बल्लारपूर-चंद्रपूरकडून कोणी येणार असलं की 'दिवाळी अंक आण रे बाबा' असं सांगून ठेवायचं. फीड म्हणजे ब्लॉगवरचे नवे लेख वाचकाकडे आपोआप आणणारी फाइल; अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला तिचं मोल काय होतं, हे मुंबईत बसून कळणार नाही.

फीडचं भांडण आधीपासूनच पेटलेलं होतं. आरएसएस हे फीडचं स्वरूप १९९९ मध्ये नेटस्केपमध्ये जन्मलं. भारतात वाढलेले रामनाथन गुहा त्याच्या कर्त्यांपैकी एक. नेटस्केपनं ते वाऱ्यावर सोडलं, डेव्ह वायनर यांनी आपल्या पद्धतीनं वाढवलं, दुसऱ्या एका गटानं २००० मध्ये वेगळीच १.० आवृत्ती काढली. मग २००२ मध्ये वायनर यांची २.० आली. नाव एक, स्वभाव भलतेच. या कटकटीला कंटाळून सॅम रूबी आणि इतरांनी २००३ मध्ये ॲटम या दुसऱ्या स्वरूपाचं काम सुरू केलं आणि डिसेंबर २००५ मध्ये ते रीतसर मानक झालं. ब्लॉगरनं जानेवारी २००४ मध्येच फुकट ब्लॉगांसाठी फक्त ॲटम निवडलं होतं. म्हणजे आपले मराठी ब्लॉगर न विचारता एका पक्षात जाऊन बसले होते. त्यानं आपलं काही बिघडलं नाही. दोन्हींची फाइल उघडली की आत मजकूर साधाच: शीर्षक, तारीख, लेख, दुवा.

मराठीच्या दृष्टीनं मोलाची गोष्ट इथेच आहे. फीड अक्षरं नेतं, फाँट नेत नाही. त्या काळी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फाँटवर उभी होती. असा मजकूर फीडवाचकात आला की 'मराठी'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. युनिकोडमधला लेख मात्र जसाच्या तसा यायचा. युनिकोड वापरा म्हणून कितीतरी जण घसा कोरडा करत होते. तो काला एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर पटायला वेळ लागत नसे.

जुलै २००६ मध्ये या साध्या फाइलीचं बळ कळलं. मुंबईतल्या लोकल स्फोटांनंतर केंद्राच्या दूरसंचार खात्यानं काही मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथे दिसत ते ब्लॉगस्पॉटच इंटरनेट कंपन्यांनी सरसकट बंद करून टाकलं. ब्लॉगर डॉट कॉम चालू होतं, त्यामुळे लेख चढवता यायचा, पण प्रसिद्ध झालेलं स्वतःचंच पान दिसत नसे. ब्लॉगलाइन्स किंवा गूगल रीडर या फीडवाचकांमध्ये मात्र तो लेख हजर, कारण फीड आणणारे त्यांचे सर्व्हर परदेशात होते. दार बंद झालं तरी वाचन थांबलं नाही.

पण हीच फाइल चोरांच्याही कामाची होती. मराठीत परवान्याचा खरा वाद सॉफ्टवेअरवरून झालाच नाही. झाला तो लेखांवरून. आपला लेख निनावी ईमेलमधून फिरत आपल्याकडेच परत आला, हे त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक ब्लॉगरनं अनुभवलंय. मग लोकांनी राइट-क्लिक बंद केलं, 'सर्व हक्क सुरक्षित'च्या पाट्या लावल्या, आणि फीड 'फुल'वरून 'शॉर्ट'वर आणलं. त्यांचा संताप रास्त होता, पण फीड तोडण्याचा हा उपाय मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. चोर मूळ पानावरून उचलतोच. अडतो तो मंद जोडणीवरचा वाचक. लाइन चालू असेतो फीड उतरवून घ्यायचं आणि सावकाश वाचायचं, ही त्याची रीत; चार ओळींनंतर लेख तुटला की त्याचं वाचन तिथेच संपतं.

मुक्त परवान्याचा फायदा मराठीला ड्रुपल या मुक्त सॉफ्टवेअरवरच्या संकेतस्थळांत मिळाला. मिसळपाव, उपक्रम ही त्यावरच उभी राहिली. १९९६ पासूनची मायबोलीही पुढे ड्रुपलवर आली. ओंकार जोशी यांचं 'गमभन' हे मराठी टंकण्याचं साधन थेट लिहिण्याच्या चौकटीत बसवता आलं, ते संहिता उघडी होती म्हणून. इनस्क्रिप्ट कळफलक न येणारे शेकडो लोक त्या चौकटीत मराठी टंकायला शिकले. मराठीसाठी हे काम एखाद्या कंपनीनं आपणहून केलं असतं, असं मला वाटत नाही.

१ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झालं. लिहिणारे तोवर फेसबुककडे वळलेच होते. तिथलं लेखन फीडनं बाहेर येत नाही, दोन वर्षांपूर्वीची पोस्ट शोधायची तर घाम फुटतो. ब्लॉगरवरचा जुना ब्लॉग मात्र आजही एका ॲटम फाइलीत संपूर्ण उतरवून घेता येतो, प्रतिक्रियांसकट. ज्यांचे ब्लॉग वर्षानुवर्षं पडून आहेत त्यांनी ती फाइल आजच उतरवून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालकाची मर्जी फिरायला वेळ लागत नाही: २०२४ मध्ये वर्डप्रेसचे मुलेनवेग आणि वर्डप्रेसची संकेतस्थळं सांभाळणारी डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी यांच्यात जुंपली, वर्डप्रेसच्या प्लगइन-भांडाराचं दार कंपनीला बंद झालं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुक्त परवाना असूनही अद्ययावत प्लगइन कुठून मिळणार याची चिंता हजारो संकेतस्थळांना लागली. डिसेंबरमध्ये न्यायालयानं अंतरिम मनाई दिली तेव्हा त्या भांडारातला कंपनीचा प्रवेश पूर्ववत झाला.

आरएसएस मात्र संपलेलं नाही. वायनर यांनी २००० मध्ये त्यात ध्वनिफितीचा दुवा जोडायची सोय केली होती. प्रवासात कानाला लावून ऐकतो ते मराठी पॉडकास्ट आजही त्याच सोयीतून फोनवर उतरतात.