जे. पी. नाईक आणि शेजारशाळा

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणण्याचा प्रघात पडून गेला आहे, आणि तो यथार्थही आहे. परंतु त्या कौतुकाच्या भरात हे सहसा विसरले जाते की, शाहू छत्रपतींनी १८९६ साली जे वसतिगृह काढले ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होते, आणि त्याचा लाभ ब्राह्मणेतर मुलांच्या पदरी फारसा पडत नाही असे अनुभवास आल्यानंतरच १९०१ पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजाची स्वतंत्र वसतिगृहे दरबारच्या आश्रयाने उभी राहिली. पुढे १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्याच शाळेत बसवावीत अशी आज्ञा झाली. निवास आपापल्या समाजात आणि विद्या मात्र एका छताखाली, अशी ती मोठी व्यवहारचतुर योजना होती.

ही आज्ञा निघाली तेव्हा बारा वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे एका छताखालच्या शिक्षणाच्या याच प्रश्नाचा अखिल भारतीय भाष्यकार झाला. जयंत पांडुरंग नाईक, मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे, यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरे तालुक्यातील बहिरेवाडीचा. सत्याग्रहात कारावास भोगून बाहेर पडल्यावर धारवाडकडील उप्पिन बेटगेरी या कानडी खेड्यात त्यांनी ग्रामसेवा केली, म्हणजे परभाषिक रयतेला शिकवताना काय अडचण येते हे त्यांना अहवाल वाचून कळलेले नव्हते. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, आणि १९६६ साली सादर झालेल्या त्या अहवालावर त्यांच्या विचारांचा ठसा स्पष्ट आहे.

त्या अहवालातील शेजारशाळेची कल्पना समजण्यास सोपी आहे. एखाद्या शाळेच्या परिसरात जी मुले राहतात, त्यांची जात, धर्म, आर्थिक स्थिती वा प्रतिष्ठा काहीही असो, ती सर्व त्याच शाळेत यावीत. यामागे गरिबांविषयीची निव्वळ कणव नव्हती. सामान्य जनांच्या जीवनाशी ज्याचा परिचय नाही त्याचे शिक्षण अपुरेच राहते, हे एक कारण. आणि सधन व सत्ताधारी वर्गाची मुले तेथे बसू लागली की त्या शाळेचे गळके छप्पर व रिकामे शिक्षकपद यांची दखल घेणे त्या वर्गाला भागच पडते, हे दुसरे. माझ्या मते दुसरे कारणच अधिक मार्मिक आहे, कारण ते मनुष्यस्वभावातील स्वार्थाला हिशेबात धरते. समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण भारतीय शिक्षणाला सतत हुलकावणी देत आला, असे प्रतिपादन नाईकांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात केले. शेजारशाळेत मात्र त्या तिन्ही बाजू जुळण्याची शक्यता होती.

आराखड्याने वर्गातला प्रश्न सुटत नाही, हेही खरे. गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचा मुलगा, गडहिंग्लजकडील कानडी घरातली मुलगी आणि उर्दू बोलणाऱ्या घरातले पोर एका बाकावर बसले, तर शिक्षकाने पाठ कोणाच्या बोलीत आणि कोणाच्या अनुभवापासून सुरू करावा? याचे उत्तर शोधण्याचे काम लीलाताई पाटील यांनी १९८५ पासून कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात केले. मुलाचा स्वतःचा अनुभव हेच पाठ्यपुस्तकाइतके अधिकृत साधन मानण्याचा तो प्रयोग होता. दुर्दैव असे की नाईकांची योजना आणि लीलाताईंची अध्यापनदृष्टी यांची सांगड सरकारी दप्तरात कधी घातली गेली नाही.

१९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने समान शाळेचे तत्त्व मान्य केले, अंमलबजावणी मात्र लांबणीवर पडली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी पंचवीस टक्के जागांची तरतूद केली, हा त्या कल्पनेचा जेमतेम चतुर्थांश. आणि तोही सर्वांना मानवला नाही. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या तरतुदीतून सूट देणारा बदल महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये तो रद्द ठरवला.