चार सेकंद

रुग्णाला जागं ठेवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेची बातमी आपल्याकडे एका ठरावीक साच्यातली असते. डॉक्टर कवटी उघडून गाठ काढत होते आणि रुग्ण गिटार वाजवत होता, नाहीतर हनुमान चालीसा म्हणत होता. सोबत हसऱ्या चेहऱ्याचा फोटो. अशी एक बातमी मी ओळखीच्या एका न्यूरोसर्जनना दाखवली. ते म्हणाले, "चालीसा म्हणता आली, आनंद आहे. पण त्यावरून मला कुठे थांबायचं ते कळत नाही." मग कशावरून कळतं? "माणूस साध्या शब्दाला अडला की. एकदा येऊन बघा."

रुग्णाची, त्यांच्या घरच्यांची आणि रुग्णालयाची परवानगी मिळाली तेव्हा मी पुण्यातल्या त्यांच्या ऑपरेशन थिएटरात गेले.

रुग्ण एसटीत कंडक्टर. धुळ्याकडचे, चाळिशी ओलांडलेले. ड्यूटीवर असताना फीट आली आणि ड्रायव्हरने प्रवाशांसकट गाडी दवाखान्याच्या दारात नेली. एमआरआयमध्ये डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये, सावकाश वाढणारा ग्लायोमा दिसला. आपण सोयीसाठी गाठ म्हणतो, पण ग्लायोमाला धड कड नसते. त्याच्या पेशी चांगल्या मेंदूत झिरपलेल्या असतात. जास्त काढावा तर आयुष्य वाढण्याची शक्यता, जास्त काढावा तर भाषा जाण्याची भीती. उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. पण डाव्या अर्ध्यात नेमकी कुठे? पाठ्यपुस्तकात दोन गोल काढलेले असतात, एक ब्रोकाचा, एक वेर्निकेचा. प्रत्यक्षात सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यूरोसर्जनांच्या एका गटाने २००८ मध्ये २५० रुग्णांचा अभ्यास छापला, तेव्हा उघडलेल्या भागात भाषा अडवणारी एखादी तरी जागा सापडली ती ५८ टक्के रुग्णांतच. म्हणजे एकाच्या मेंदूचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. तो दर वेळी नव्याने, त्या माणसाला बोलतं ठेवूनच काढावा लागतो.

त्याला बोलतं ठेवतात त्या बाई स्पीच थेरपिस्ट आहेत. एरवी त्या खालच्या मजल्यावर, ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवतात. वरून फोन आला की चित्रांचा गठ्ठा घेऊन येतात. खरं सांगायचं तर मी सूक्ष्मदर्शक आणि पडदे बघायला गेले होते, आणि बघत राहिले या बाईंकडे.

आदल्या संध्याकाळी त्या रुग्णाच्या खाटेशी बसल्या. बोस्टन नेमिंग टेस्ट नावाच्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीत इग्लू आहे, बीव्हर आहे, प्रेट्झेल आहे. धुळ्याच्या माणसाला ती चित्रं दाखवून काय मोजणार? म्हणून बाईंनी स्वतःचा संच केलाय: कात्री, कंदील, म्हैस, बैलगाडी, कुलूप, शिडी. खलबत्ता होता, तो पंचविशीतल्या रुग्णांसाठी बाद केला. प्रत्येक चित्र चार सेकंद. कंडक्टर ज्या चित्राला किंचितही घुटमळले ते त्यांनी बाजूला काढलं. "उद्या हे अडले तर कारण वीजच असली पाहिजे," त्या मला म्हणाल्या, "चित्र नाही."

मग भाषेचा प्रश्न. अर्जावर 'मराठी' लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, "भाऊ, वहिनींशी भांडता कोणत्या भाषेत?" ते हसले. "ती अहिराणी, मॅडम." लगेच दुसरा संच लागला. हा काही लाड नव्हे. सिअ‍ॅटलचे न्यूरोसर्जन ओजेमान यांच्या गटाने दोन भाषा बोलणाऱ्या २५ रुग्णांच्या मेंदूचे नकाशे २००४ मध्ये मांडले होते. त्यांत काही जागा दोन्ही भाषांच्या सामाईक निघाल्या आणि काही एकाच भाषेच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूल दिली, टाळूच्या नसा बधिर केल्या, डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत पक्कं केलं, कातडी बाजूला झाली. हाड कापायला सुरुवात झाली तसा वास आला. जळका आणि कोरडा, दातांच्या डॉक्टरकडे ड्रिल लागतं तेव्हा येतो तसा, पण कितीतरी दाट. मास्क त्याला अडवत नाही. तिथल्या कुणाला तो जाणवतही नव्हता; माझ्या नाकातून तो संध्याकाळपर्यंत गेला नाही.

हाडाचा तुकडा निघाल्यावर भूलतज्ज्ञांनी औषध कमी करत आणलं आणि घशातली नळी काढली. "भाऊ, डोळे उघडा. डोकं हलवायचं नाही." मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, दुखतं ते टाळूला आणि मेंदूवरच्या आवरणाला, आणि तिथे बधिर करणारं औषध दिलेलं असतं. हिरव्या कापडाचा आडोसा केलेला. त्याच्या एका बाजूला सर्जन, त्यांना रुग्णाचा चेहरा दिसत नाही. दुसऱ्या बाजूला, बुटक्या स्टुलावर गुडघे दुमडून, रुग्णाच्या तोंडापासून हातभर अंतरावर बाई. सर्जनला मेंदू दिसतो, माणूस ऐकू येतो तो बाईंकडून.

सर्जनच्या हातात दोन टोकांची सळई. त्यातून सेकंदाला ६० वेळा विजेचे बारीक ठोके, प्रवाह काही मिलिअँपिअर. वीज असेपर्यंत तेवढीच जागा गप्प होते. उचलली की परत कामाला लागते. ठोक्याने फीट येऊ शकते, म्हणून शेजारी बर्फगार रिंगर लॅक्टेट भरून ठेवलेलं; ते मेंदूवर ओतलं की बहुधा फीट थांबते. वीज लावायची तीही जास्तीत जास्त चार सेकंद. बाईंची चित्रं चार सेकंदांची का, ते मला तेव्हा उमगलं.

पहिल्या फेरीत आकडे मोजायचे होते. कंडक्टरांनी एक ते वीस दोनदा म्हटलं आणि मग आपणहून रूट घेतला. "धुळे, फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव." थिएटरात हशा पिकला. सर्जन सळई टेकवत पुढे सरकत होते आणि गाडी एकाही स्टॉपला अडली नाही. बातमीवाल्यांना इथेच फोटो मिळाला असता.

दुसऱ्या फेरीत चित्रं आली. पूर्ण वाक्य बोलायचं: ही म्हैस आहे, हा कंदील आहे. मागच्या बाजूच्या एका जागेवर, जिथे घटकाभरापूर्वी धुळे-जळगाव सुखरूप पार पडलं होतं, कात्रीचं चित्र आलं. "ही... ही..." चार सेकंद. जीभ चालत होती, 'ही' बरोबर आलं होतं, म्हणजे वस्तू ओळखलेली होती. फक्त नाव नव्हतं. सळई उठली. "माले माहीत शे," ते कळवळून म्हणाले, आणि पाठोपाठ, "कात्री." बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, नाव अडलं." लगोलग परत तिथे टेकवायचं नाही असा नियम, इतरत्र फिरून ती जागा आणखी दोनदा तपासली, दोन्ही वेळा नाव अडलं. मग तिथे आकडा लिहिलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवला गेला. अशा तुकड्यांना न्यूरोसर्जन वाइल्डर पेनफिल्ड तिकीटच म्हणत. मॉन्ट्रिअलमध्ये १९३० च्या दशकात त्यांनी हे तंत्र बसवलं, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला भारतातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू केला.

पाठ केलेलं म्हणणं आणि हवा तो शब्द शोधून काढणं, या दोन वेगळ्या वाटा आहेत. पक्षाघाताने वाचा गेलेली माणसंही पुष्कळदा वार आणि आरत्या म्हणू शकतात, पण समोरच्या तांब्याला तांब्या म्हणू शकत नाहीत. चालीसा सर्जनला पुरत नाही ती यामुळे.

आणखी एक जागा अशी निघाली की मराठीत अडलं आणि अहिराणीत "हाई म्हैस शे" सरळ आलं. ती काढायची की ठेवायची? नोकरी मराठीत, संसार अहिराणीत. सर्जननी तिथेही तिकीट ठेवलं.

भिंतीवरच्या पडद्यावर नेव्हिगेशनचा रंगीत नकाशा होता. महागडी आणि उपयोगी यंत्रणा, पण नकाशा शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयचा. कवटी उघडून मेंदूभोवतीचं पाणी वाहून गेलं की मेंदू खाली बसतो आणि पडद्यावरचा बाण हळूहळू खोटं बोलू लागतो. ५-एएलए नावाचं औषध पाजलं की निळ्या प्रकाशात घातक गाठ गुलाबी चमकते. जर्मनीतल्या, २००६ मध्ये छापून आलेल्या चाचणीत त्यामुळे दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ३६ वरून ६५ टक्क्यांवर गेलं. मात्र कंडक्टरांच्यासारखी सावकाश वाढणारी गाठ त्यात सहसा चमकत नाही. शिवाय चमक सांगते गाठ कुठे आहे ते. शब्द कुठे आहे, ते ती कसं सांगणार?

पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेत नेमकं उलटं झालंय. १९७३ मध्ये फ्रान्समधल्या स्तान्यारा आणि सहकाऱ्यांनी कणा सरळ करताना रुग्णाला मध्येच उठवून "पाय हलवा" सांगण्याची पद्धत मांडली होती. आज डोक्यावरून विजेचा इशारा देऊन पायाच्या स्नायूत त्याची नोंद बघतात, माणूस झोपलेलाच असतो. पाय हलेल की नाही हे यंत्राला कळतं. 'कात्री' आठवेल की नाही हे कळायला अजून तरी समोर माणूसच बसवावा लागतो.

गाठ काढायला सुरुवात झाली आणि तासाभराहून जास्त वेळ चित्रं चालूच राहिली. कंडक्टर दमले, चहा मागू लागले. बाईंनी स्पंज ओला करून ओठांना लावला, मुलीच्या बारावीची चौकशी केली, पुन्हा चित्र धरलं. मग त्या म्हणाल्या, "सर, उशीर होतोय." मला काहीच चुकलेलं ऐकू आलं नव्हतं. शिडी, कुलूप, बैलगाडी, सगळी नावं बरोबर होती, चार सेकंदांच्या आत होती. पण आधी पटकन येणारं नाव आता चार सेकंद संपता संपता येत होतं. सर्जननी वाद घातला नाही. सक्शन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "बंद करूया." थोडी गाठ मागे राहिली, तशी ठेवूनच.

पुढचे काही दिवस कंडक्टर शब्द चाचपत बोलत होते. मेंदूला सूज असते, ते बहुधा काही आठवड्यांत सुधारतं, याची कल्पना घरच्यांना आधीच दिलेली होती. मी भेटले तेव्हा त्यांनी मला "ताई" म्हटलं आणि बायकोला अहिराणीत काहीतरी सुनावलं.

अशा नकाशाचा फायदा किती, याचा मोठा हिशेब अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये केला. ८,०९१ रुग्ण. विजेने तपासून केलेल्या शस्त्रक्रियांत कायमचं गंभीर नुकसान ३.४ टक्के, न तपासता ८.२ टक्के, आणि गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ५८ ऐवजी ७५ टक्के. या फरकातला बाईंचा वाटा मात्र कुठल्या बिलात दिसत नाही. मी पाहिलेल्या बिलात नेव्हिगेशनची ओळ होती, सूक्ष्मदर्शकाची होती, बाईंची नव्हती. नव्या मशीनसाठी लाखो रुपये उभे राहतात. चित्रं दाखवणाऱ्या माणसाला मात्र दुसऱ्या विभागातून उसनं आणावं लागतं. हे मला योग्य वाटत नाही.

तुमच्या घरी कुणाला अशी शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारण्याआधी हे विचारा: समोर कोण बसणार, ते आदल्या दिवशी भेटणार का आणि तपासणी कोणत्या भाषेत होणार. आणि अर्जावर नुसतं 'मराठी' लिहून मोकळे होऊ नका. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोकणी, उर्दू, जे बोलत असाल ते सगळं सांगा.