कार्ल्याच्या लेण्यांतील नांवें

सुटीच्या दिवसांत मुलाबाळांसह कोठें जावें, हा प्रश्न पुण्यामुंबईकडील कुटुंबांत वारंवार निघतो. लोणावळ्याजवळील कार्ल्याचें लेणें हें त्याचें एक उत्तम उत्तर होय. पायऱ्यांची चढण थोडी दमविणारी आहे. वडील मंडळींनीं ती सकाळच्या गारव्यांत, बसत-उठत चढावी. परंतु पुष्कळ मंडळी एकवीरेचें दर्शन घेऊन, शेजारच्या लेण्यांत पांच मिनिटें डोकावतात आणि खालीं उतरतात. एवढ्यानें लेणें पाहिलें असें म्हणवत नाहीं.

येथील चैत्यगृह सुमारें १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असून, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीं तें अखंड कातळांत कोरलें गेलें. आंत ३७ स्तंभ आहेत. मुलांस प्रथम वर पाहावयास सांगावें. छताला लांकडी कमानी दिसतील. कातळाच्या छताला त्यांच्या आधाराची गरज नाहीं. परंतु पूर्वीं अशीं सभागृहें लांकडाचीं बांधीत, तीच रीत कारागिरांनीं दगडांतही सोडली नाहीं.

यानंतर स्तंभांवरील व दारांजवळील अक्षरांकडे वळावें. लिपि ब्राह्मी आणि भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांपैकीं एक. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी अभिमानानें सांगतो कीं, हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम आहे. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात येथील भिक्षूंच्या निर्वाहासाठीं एक गांव देतो. तथापि बहुतेक दाते राजघराण्यांतले नव्हेत. धेनुकाकट गांवचा सिंहदत्त हा अत्तरें विकणारा गंधी. त्याच गांवचा सामी हा सुतार. कित्येक स्तंभ यवनांनीं दिलेले. आणि एक दान भायिला नांवाच्या बाईचें, जिची ओळख तेथें ‘महादेवणकाची आई’ अशी दिली आहे. एका प्रापंचिक मातेनें आपल्या शक्तीप्रमाणें दिलें, आणि तिचें नांव राजांच्या नांवांइतकेंच टिकलें!

आतां आमच्या मनांतील खेदाची गोष्ट सांगतों. अनेक प्राचीन लेण्यांच्या भिंतींवर आजचे प्रवासी खिळ्यानें आपलीं नांवें खरडतात. अशा संरक्षित वास्तूंस इजा करणें हा १९५८ च्या कायद्यान्वयें अपराध आहे. पण पहारेकरी प्रत्येक स्तंभाजवळ कसा उभा राहील? हें वळण घरांतच लागलें पाहिजे. निघण्याच्या आदल्या रात्रीं आजोबांनीं किंवा आईनें मुलांस भायिलेची आणि सामी सुताराची हकीकत सांगावी. ज्यांनीं कांहीं दिलें त्यांचीं नांवें येथें कोरलीं गेलीं, हें मुलांस एकदां उमगलें, म्हणजे हातांत खिळा घेण्यापूर्वीं तीं स्वतःलाच विचारतील कीं, आपण येथें काय दिलें?