जमिनीला रफू करणाऱ्या बाई

परवा एका मैत्रिणीकडे गेले, तर घरात वाद रंगलेला. लेकीचं बी.आर्क. पूर्ण झालं होतं आणि तिला आता ‘लँडस्केप आर्किटेक्चर’मध्ये पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं होतं. ‘‘म्हणजे पाच वर्षं आर्किटेक्चर शिकून शेवटी माळीकामच ना?’’ वडिलांचा सवाल. आजींनीही री ओढली, ‘‘कुंड्या काय, आपल्या गॅलरीतही आहेत!’’ लेक बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मला एकदम आठवल्या त्या कॉर्नेलिया हान ओबरलँडर. त्यांची गोष्ट मी तिथे सांगितली, तीच आज तुम्हालाही सांगते.

कॉर्नेलियाचा जन्म १९२१ सालचा, जर्मनीतला. अकरा वर्षांची असताना ती एका चित्रकाराकडे स्वतःचं चित्र काढून घ्यायला गेली होती. समोरच्या भिंतीवर एका गावाचं चित्र होतं. नदी, रस्ते, घरं आणि मध्येच हिरवे तुकडे. हे हिरवं काय आहे, असं तिने विचारलं. ‘बागा,’ उत्तर मिळालं. घरी आल्यावर तिने आईला सांगून टाकलं, मी मोठी होऊन बागाच करणार. आईला त्याचं नवल वाटलं नसावं. ती स्वतः बागायतीतली जाणकार, मुलांसाठी बागकामाची पुस्तकं लिहिणारी.

पण पुढची वाट काही बागेतली नव्हती. १९३३ मध्ये वडील हिमकडा कोसळून गेले. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि हे कुटुंब होतं ज्यू. १९३८ च्या अखेरीस आईने मुलींना घेऊन देश सोडला आणि अमेरिका गाठली. तिथे आईने शेत घेतलं. भाजीपाला पिकवतच कॉर्नेलियाला माती कळली. पुढे १९४७ मध्ये हार्वर्डमधून तिने लँडस्केप आर्किटेक्चरची पदवी घेतली. त्या विभागाने मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात करून तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

फिलाडेल्फियात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी वसाहती उभ्या राहत होत्या. लुई कान यांच्यासारख्या आर्किटेक्टबरोबर तिथलं मोकळं आवार आखण्याचं काम तिने केलं. १९५३ मध्ये पीटर ओबरलँडर या नगररचनाकाराशी लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग ती कॅनडात व्हँकुव्हरला आली. नवं गाव, ओळखी नाहीत, पुढे तीन मुलं. आपल्याकडच्या कितीतरी जणींचं करिअर नेमकं याच वळणावर थांबतं. कॉर्नेलियाबाईंनी मात्र हाताशी असलेल्या अनुभवातूनच काम काढलं. मुलं काय खेळतात, कशात रमतात हे त्या रोज बघत होत्या. त्यांनी खेळाची मैदानं आखायला घेतली. मॉन्ट्रियलच्या १९६७ च्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी केलेल्या मैदानात वाळू होती, मातीचे उंचवटे होते, झाडावरचं घर होतं, पाण्याचा पाट आणि त्यात होडीही होती. नुसत्या लोखंडी घसरगुंड्या-झोपाळ्यांपेक्षा मुलांना माती, पाणी आणि लाकूड द्या, ती आपला खेळ आपणच शोधतात, हे त्यांचं म्हणणं. अशी सत्तरहून अधिक मैदानं त्यांनी केली.

व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर लाकडाचे मोठमोठे ओंडके वाहून येतात. १९६३ मध्ये ते जाळून टाकायचं काम चाललेलं बाईंनी पाहिलं आणि थेट उद्यान खात्याला फोन लावला. जाळताय कशाला, लोकांना बसायला ठेवा की! आज त्या शहरात समुद्रावर गेलं, की ओंडक्याला टेकून बसलेली माणसं दिसतात. हे कोणाला सुचलं, ते बसणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मग आर्थर एरिकसन या नामवंत आर्किटेक्टबरोबर रॉब्सन स्क्वेअरचं काम आलं. शहराच्या ऐन मध्यात तीन चौक व्यापणारी सरकारी कार्यालयं आणि न्यायालयं, आणि त्यांच्या छतांवर झाडं, धबधबे, वाटा. सत्तरच्या दशकात ही कल्पना सोपी नव्हती. ओली माती किती जड होते, हे गच्चीत कुंड्या ठेवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. छताला पेलेल अशी हलकी माती तयार करायची, पाणी खाली झिरपू द्यायचं नाही आणि वर साचूही द्यायचं नाही, वाऱ्यात टिकतील अशीच झाडं निवडायची. माळीकामाच्या आधीचं हे काम म्हणजेच लँडस्केप आर्किटेक्चर. जमिनीचा उतार कुठे आहे, पावसाचं पाणी कुठे जातं, सावली कुठे पडते, मूळचं काय उगवतं, हे आधी बघायचं. कुठलं झाड लावायचं, हा प्रश्न शेवटी.

मला स्वतःला त्यांचं सर्वात आवडतं काम मात्र दूर उत्तरेतलं, यलोनाइफचं. तिथे १९९३ मध्ये नवं विधानसभागृह उभं राहिलं. आजूबाजूला तळं, खडक आणि दलदलीची जमीन. थंडी अशी, की उघडी पडलेली जमीन पुन्हा झाकली जायला वर्षानुवर्षं लागावीत. तिथली रोपं विकणारी रोपवाटिका जवळपास नव्हती, आणि बाहेरची झाडं आणायला बाई तयार नव्हत्या. त्यांनी त्याच जागेवरच्या झाडांच्या बिया आणि फांद्या गोळा केल्या, व्हँकुव्हरला नेऊन त्यांची रोपं वाढवली आणि परत आणून तिथेच लावली. खोदकामात निघालेले दलदलीच्या मातीचे थर फेकून न देता पुन्हा अंथरले. इमारत जणू पहिल्यापासून तिथेच होती, असं वाटावं. या कामाला त्यांनी शब्द वापरला तो शिवणकामातला. न दिसणारं रफू!

व्हँकुव्हरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या छतावर १९९५ मध्ये त्यांनी बाग केली, तीही अशीच. लोकांना वर जायची सोयच नव्हती. शेजारच्या उंच इमारतींतूनच ती दिसायची. ते छत लोकांसाठी खुलं झालं २०१८ मध्ये, तब्बल तेवीस वर्षांनी. तेव्हा बाई सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. नव्वदीतही त्यांचं काम चालूच होतं. २२ मे २०२१ रोजी कोविडने त्या गेल्या. शंभरी पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता.

माझी गोष्ट संपली, तशा आजी हळूच म्हणाल्या, ‘‘रफू चांगलं झालं की दिसत नाही, खरंय. पण म्हणूनच त्याचे पैसे द्यायच्या वेळी लोक कां-कूं करतात गं. मी केलंय ना आयुष्यभर.’’

आजींचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आपल्याकडेही इमारत पुरी झाली, दगड-विटांचा ढीग उचलला, पेव्हर ब्लॉक बसवले, की उरलेल्या वीतभर जागेत हिरवळ अंथरायला शेवटी या लोकांना बोलावतात. तोवर पाणी मुरायची जागाच शिल्लक नसते. मग पहिल्याच मोठ्या पावसात सोसायटीचं पार्किंग तुंबतं आणि आपण महापालिकेच्या नावाने बोटं मोडतो. या मुलींना पहिल्या दिवसापासून, नकाशा कोरा असतानाच बोलवायला हवं.

मी आजींना एवढंच सांगितलं, की कॉर्नेलियाबाईंच्या नावाने आता या क्षेत्रात एक लाख डॉलरचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक दिलं जातं. २०२१ मधलं पहिलंच मिळालं तेही एका बाईला, ज्युली बार्गमन यांना. बंद पडलेल्या खाणी आणि कारखान्यांच्या नासलेल्या जमिनी सुधारण्याचं काम त्या करतात. म्हणजे पुन्हा रफूच.

लेकीचे वडील इतका वेळ गप्प होते. चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, ‘‘हे शिकायला परदेशीच जावं लागतं का?’’

‘‘नाही हो बाबा,’’ ती पटकन म्हणाली, ‘‘पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेजमध्ये आहे की. तेही खास मुलींचं.’’

‘‘मग फॉर्म आण,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आपल्या सोसायटीत पाणी नेमकं कुठे तुंबतं, तेही एकदा बघून घे.’’