इंधन-बाष्प संग्राहक (चारकोल कॅनिस्टर)

पेट्रोलवर चालणाऱ्या वाहनाच्या इंधन टाकीत तयार होणारी वाफ बाहेरच्या हवेत न जाऊ देता ती तात्पुरती साठवून ठेवणाऱ्या व नंतर एंजिनात जाळण्यासाठी परत देणाऱ्या डबीस इंधन-बाष्प संग्राहक म्हणतात. ही डबी सक्रियित कोळशाच्या गोळ्यांनी भरलेली असते. त्यामुळे गॅरेजमध्ये व सुट्या भागांच्या दुकानांत ती ‘चारकोल कॅनिस्टर’ किंवा नुसती ‘कॅनिस्टर’ या नावाने ओळखली जाते. डीझेलची बाष्पनशीलता फार कमी असल्याने डीझेल वाहनांना तिची गरज पडत नाही.

पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून त्यातील ब्युटेन, पेंटेन यांसारखे हलके घटक नेहमीच्या तापमानालाही वेगाने उडून जातात. वाहन उन्हात उभे असताना, एंजिन बंद केल्यावर त्याची उष्णता टाकीपर्यंत पोहोचताना आणि टाकी भरताना वाफ बाहेर पडते. १९६० च्या सुमारास नियंत्रण नसलेल्या मोटारगाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी सु. २० टक्के भाग टाकी व कार्ब्युरेटर यांतील बाष्पनाचा होता. म्हणजे वाहन चालू नसतानाही ते हवा दूषित करीत असे.

या वाफेचे दुष्परिणाम दुहेरी आहेत. तिच्यातील बेंझीन हे कर्करोगजनक आहे. शिवाय हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि प्रकाशरासायनिक धुरके निर्माण होते. लॉस अँजेल्सवरील धुरक्याचे हे कारण कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काळात उलगडून दाखविले. त्यानंतर कॅलिफोर्नियात १९७० च्या व सर्व अमेरिकेत १९७१ च्या मोटारगाड्यांपासून बाष्पनियंत्रण सक्तीचे झाले. १९९८ च्या गाड्यांपासून तेथे टाकी भरताना निघणारी वाफही गाडीतच अडविण्याची अट टप्प्याटप्प्याने लागू झाली व त्यासाठी डबीचे आकारमान वाढवावे लागले. [⟶ प्रदूषण].

रचना व कार्य : डबी बहुधा प्लॅस्टिकची असते व तिला तीन तोंडे असतात. एक तोंड नळीने टाकीस, दुसरे एंजिनाच्या अंतर्ग्रहण नलिकेस जोडलेले असते आणि तिसरे गाळणीतून बाहेरच्या हवेत उघडते. टाकीतील दाब वाढला की हवा व वाफ यांचे मिश्रण डबीत शिरते. वाफेचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागावर धरले जातात व शुद्ध झालेली हवा तिसऱ्या तोंडातून निघून जाते. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. सक्रियित कोळसा अतिशय सच्छिद्र असून त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ १,००० चौ. मी.हूनही जास्त असते. या कामी छिद्रांचा आकार महत्त्वाचा ठरतो. पाणी शुद्धीकरणासाठी वापरला जाणारा नारळाच्या करवंटीचा कोळसा अतिसूक्ष्म छिद्रांचा असल्याने वाफ घट्ट पकडतो, पण सहजी सोडत नाही. संग्राहकास धरणे व सोडणे ही दोन्ही कामे सारखीच आवश्यक असल्यामुळे मुख्यतः लाकडापासून बनविलेला, काहीशा मोठ्या छिद्रांचा कोळसा अधिक उपयुक्त ठरतो.

एंजिन तापून वाहन ठरावीक गतीने चालू लागले म्हणजे इलेक्ट्रॉनीय नियंत्रक निष्कासन झडप थोडथोड्या वेळाने उघडतो. अंतर्ग्रहण नलिकेतील निर्वातामुळे बाहेरची ताजी हवा तिसऱ्या तोंडातून आत ओढली जाते, कोळशातील वाफ बरोबर घेते आणि एंजिनात जाऊन जळते. अशा रीतीने कोळसा पुन्हा रिकामा होतो व वाया जाणारे इंधनही उपयोगी पडते. विद्युत् प्रवाह नसताना ही झडप बंद असते. दुरुस्तीच्या वेळी ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

भारतातील मानके : बाष्प-उत्सर्जन मोजण्यासाठी वाहन एका हवाबंद कक्षात ठेवून, इंधन ठरावीक रीतीने तापवून व नंतर तापलेले एंजिन बंद करून कक्षातील हायड्रोकार्बनांचे वस्तुमान काढतात. ही चाचणी करण्याची सोय पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत आहे. पेट्रोल मोटारगाड्यांसाठी मर्यादा प्रत्येक चाचणीस २ ग्रॅम आहे. दुचाकी वाहनांना बाष्पनियंत्रण प्रथम भारत टप्पा ४ मानकांनी लागू झाले. १ एप्रिल २०१७ पासून ही मानके सर्व नव्या दुचाकींना लागू झाली. १ एप्रिल २०२० पासून अंमलात आलेल्या भारत टप्पा ६ मानकांत दुचाकींची मर्यादा १·५ ग्रॅम करण्यात आली. त्यामुळे पूर्वी मोटारगाडीपुरता असलेला हा भाग आता सामान्य माणसाच्या स्कूटर-मोटारसायकलमध्येही आला आहे.

कोल्हापूर परिसरातील परिस्थिती : कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर असून कोकणात उतरणारे आंबा, गगनबावडा, फोंडा इ. घाटांचे रस्ते येथून जातात. उंचीबरोबर हवेचा दाब दर १०० मी.ला सु. १ किलोपास्कल याप्रमाणे कमी होतो. त्यामुळे रत्नागिरीस भरलेली टाकी आंबा घाट चढून येताना तिच्यातील हवा प्रसरण पावते, वाफेचे प्रमाण वाढते आणि एरवीपेक्षा जास्त भार डबीवर पडतो. ओतकाम व यंत्रभाग यांच्या उद्योगांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात शिवाजी उद्यमनगरसारख्या वसाहतींमुळे दुरुस्तीचे कौशल्य सहज उपलब्ध आहे. तथापि डबी हा दुरुस्त करण्याचा भाग नसून बदलण्याचा भाग आहे. केंद्र शासनाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांत कोल्हापूरचा समावेश झाला. त्या कार्यक्रमाचा मुख्य रोख धूलिकणांवर असला, तरी हायड्रोकार्बनांपासून हवेत सूक्ष्मकणही तयार होतात.

पंचगंगेचा पूर हे या भागात डबी निकामी होण्याचे एक खास कारण आहे. २००५ च्या महापुरात बुडालेल्या दुचाकींना बहुधा अशी डबी नव्हतीच. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत मात्र डबी असलेल्या दुचाकीही पाण्याखाली गेल्या. हवेकडील तोंडातून पाणी व गाळ आत शिरला की कोळशाची छिद्रे पाण्याने व्यापली जातात आणि गाळणी चोंदते. बाहेरून वाहन स्वच्छ धुतले, एंजिन तेल बदलले व वाहन सुरू झाले, तरी हा दोष तसाच राहतो.

उसाचा जिल्हा असल्याने इथेनॉलाचा प्रश्नही येथे जवळचा आहे. मळी व उसाचा रस यांपासून बनणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे देशातील सरासरी प्रमाण २०२५ मध्ये सु. २० टक्क्यांवर गेले. शुद्ध इथेनॉलाचा बाष्पदाब पेट्रोलपेक्षा कमी असतो, परंतु थोड्या प्रमाणात मिसळल्यास मिश्रणाचा दाब वाढतो. ही वाढ १० टक्के मिश्रणाच्या आसपास सर्वाधिक असते व त्यापुढे हळूहळू कमी होते. इथेनॉलामुळे रबरी नळ्यांतून इंधन झिरपण्याचे प्रमाणही वाढते. म्हणून डबी बदलताना इथेनॉलास टिकणाऱ्या नळ्याच वापरणे इष्ट असते.

दोष व त्यांची लक्षणे : डबी सामान्यतः वाहनाच्या आयुष्यभर टिकेल अशीच बनविलेली असते. ती लवकर बिघडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे टाकी गळ्यापर्यंत भरणे. पंपाची नळी आपोआप बंद झाल्यावरही पेट्रोल ओतत राहिल्यास द्रव इंधन वाफेच्या नळीतून डबीत उतरते व कोळसा भिजतो. याशिवाय धक्क्यांनी गोळ्यांचा चुरा होणे, डबीस तडा जाणे, गाळणी धुळीने बंद होणे व झडप उघडी अडकणे हे दोष आढळतात. उभ्या वाहनाजवळ पेट्रोलचा वास येणे, टाकी भरताना पंपाची नळी वारंवार बंद पडणे, झाकण उघडताच हवा जोराने आत ओढली जाणे, पेट्रोल भरल्यानंतर एंजिन सुरू होण्यास कुरकुर करणे आणि इशारा दिवा लागणे ही त्यांची लक्षणे होत. मात्र यांपैकी बरीच लक्षणे सैल झाकण, चिरलेली नळी किंवा बिघडलेली झडप यांमुळेही दिसतात. या स्वस्त भागांची तपासणी आधी केल्यास डबीचा खर्च पुष्कळदा वाचतो.

बदलण्याची पद्धत : काम मोकळ्या हवेत, एंजिन थंड असताना व टाकीत इंधन कमी असताना करतात. जवळपास ज्योत, विडी-सिगारेट वा ठिणगी उडविणारे यंत्र असता कामा नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते व दूरच्या ठिणगीनेही पेटू शकते. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवून टाकीचे झाकण उघडतात व आतील दाब जाऊ देतात. दुचाकीत डबी बहुधा आसनाखाली किंवा बाजूच्या आवरणाआड असते. मोटारगाडीत ती मागे टाकीजवळ किंवा एंजिन कक्षात आढळते. नळ्या काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करणे अत्यावश्यक असते, कारण टाकीची व एंजिनाची नळी उलटसुलट जोडली गेल्यास वाफ कोळशातून नीट न जाता थेट निघून जाते.

नळ्या काढल्यावर त्यांत काळे कण आहेत काय हे पाहतात. कण आढळल्यास कोळसा डबीबाहेर आला असे समजावे. अशा वेळी नळ्या दाबाच्या हवेने साफ करून निष्कासन झडपही बदलावी लागते. नाहीतर तेच कण झडपेत अडकून ती उघडी राहते व नवी डबी बसवूनही दोष कायम राहतो. जुनी झडप ठेवायची असल्यास विद्युत् जोडणी काढून तिच्यात फुंकून पाहतात. हवा पार गेली, तर झडप निकामी असते. नवी डबी त्याच वाहनाकरिता नेमलेली असावी, ती मूळच्याच दिशेने बसवावी आणि हवेकडील तोंड चिखल उडणार नाही अशा जागी ठेवावे. शेवटी बॅटरी जोडून, नियंत्रकातील दोषनोंदी पुसून वाहन चालवून पाहतात. भिजलेली डबी पाण्याने किंवा पेट्रोलने धुणे अथवा उष्णता देऊन वाळविणे निरुपयोगी असून उष्णता देणे तर स्फोटास निमंत्रण ठरते. काढलेल्या डबीत वाफ उरलेली असल्याने ती भट्टीत टाकू नये. ज्वालाग्राही टाकाऊ पदार्थ म्हणूनच तिची विल्हेवाट लावावी.

डबी काढून टाकण्याची प्रथा : खर्च टाळण्यासाठी डबी काढून नळीचे तोंड बंद करण्याची किंवा उघडे सोडण्याची प्रथा काही ठिकाणी आढळते. तोंड बंद केल्यास टाकीत निर्वात निर्माण होऊन इंधनपुरवठा खंडित होऊ शकतो. उघडे सोडल्यास घराच्या बंद पडवीत वाफ साचून आगीचा धोका संभवतो. ‘पीयूसी’ प्रमाणपत्रासाठी होणाऱ्या तपासणीत केवळ धूरनळीतून निघणारे वायू मोजले जातात. त्यामुळे डबी नसलेले वाहनही त्या तपासणीत उत्तीर्ण होते व टाकीतून निघणारी वाफ कोणाच्याच नजरेस पडत नाही. अशा स्थितीत या साधनाची देखभाल सर्वस्वी वाहनमालक व कारागीर यांच्या जाणतेपणावर अवलंबून राहते.