नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या मुखाशी दिघी हे गाव वसले आहे. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर समुद्रात जंजिऱ्याचा तट दिसतो. खाडीच्या पलीकडे आगरदांडा. तेथून माणसांची सारखी ये-जा चालते. या किनाऱ्यावर कोळी, कुणबी, कोकणी मुसलमान, बौद्ध असे अनेक समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत.

समजा, सातारा जिल्ह्यातून बदली होऊन आलेल्या एखाद्या नोकरदाराचा मुलगा येथील शाळेत दाखल झाला. त्याचे नाव विचारण्यापूर्वीच मागच्या बाकावरून कोणी म्हणाले, "अरे, घाटी आला!" आणि सारा वर्ग हसला. आता या शब्दाचा मूळ अर्थ पाहाल तर त्यात वावगे काही नाही. घाटावर राहणारा तो घाटी. मग त्या मुलाने मान खाली का घालावी?

याचे कारण असे की, येथे तो शब्द केवळ 'तू कोठला' एवढेच सांगत नाही. 'आम्ही एक, तू निराळा आणि थोडा गावंढळही' असे तो सुचवितो. हसणाऱ्या मुलांना त्या मुलाची काहीच माहिती नसते; पण हसण्याने ती आपण एका गटातील आहोत एवढे एकमेकांना कळवून मोकळी होतात. गंमत अशी की, उद्या हाच दिघीचा विद्यार्थी नोकरीसाठी मुंबईस गेला, तर तेथे सरसकट सर्वच मराठी माणसांना 'घाटी' म्हणून हिणवणारे लोक त्याला भेटतील. जन्मात घाट न चढलेल्या माणसालाही तेथे घाटी व्हावे लागते!

आपल्या भाषेने हा भेद फार चांगला टिपला आहे. बारशाला बाळाचे 'नाव ठेवतात'. तो आनंदाचा प्रसंग. पण एखाद्याला 'नावे ठेवली' की ती निंदा होते. कधी कधी मात्र ठेवलेले नावच नावे ठेवण्याचे साधन बनते.

याच किनाऱ्यावरील एक जुनी हकिकत पाहा. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत बेने इस्राएल लोक राहत. ते धर्माने यहुदी, पण घरात मराठी बोलणारे. त्यांची आडनावेही पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली. त्यांच्यापैकी पुष्कळ जण घाण्यावर तेल गाळीत आणि धर्माज्ञेप्रमाणे शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' म्हणण्यास सुरुवात केली. नाव खरे होते. घाणा चालविणे यात हीन असे काही नाही; तेली समाज हे नाव अभिमानाने मिरवितो. परंतु त्या काळी व्यवसायावरून माणसाची पायरी ठरविली जाई आणि त्या नावासरशी ही पायरीही चिकटे. पुढे हे लोक मुंबईस गेले, पलटणीत शिरले, शिक्षक व कारकून झाले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. तेव्हा जुने नाव त्यांना बोचू लागले. 'बेने इस्राएल', म्हणजे इस्राएलची लेकरे, या आपल्या नावानेच आपणांस ओळखावे असे त्यांना वाटे.

तर मग गोड शब्द योजला की काम भागले, असे कोणी म्हणेल. तसेही नाही. अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी महात्मा गांधींनी 'हरिजन', म्हणजे देवाची माणसे, हा शब्द रूढ केला. हेतू सद्भावाचा होता. तथापि याच जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना तो मान्य नव्हता. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात हा शब्द कायद्यात घालण्याचे ठरले, तेव्हा आंबेडकर व त्यांचे सहकारी यांनी विरोध केला आणि तो मानला जाईना, तेव्हा ते सभागृहाबाहेर निघून गेले. ज्यांचे नाव ठरत होते, त्यांचाच नकार कोणी ऐकत नव्हता.

उलट 'दलित' हा शब्द पाहा. त्याचा अर्थ दडपलेला, चिरडलेला. ऐकताना कठोर, तरीही १९७२ साली मुंबईत तरुणांनी आपली संघटना स्थापन केली, तेव्हा तिचे नाव त्यांनी आपण होऊन 'दलित पँथर' असे ठेवले. त्या शब्दात त्यांना दैन्य नव्हे, तर अन्यायाची नोंद दिसत होती. १९५६ साली नागपुरास बाबासाहेबांसह ज्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, त्यांच्या घराण्यांतील अनेकांना मात्र 'दलित' हेही नाव नको असते. 'आम्ही बौद्ध' असे ते सांगतात. आणि दिघीच्या आसपासच्या गावांतही हे उत्तर तुम्हांस ऐकावयास मिळेल.