खेळपट्टी कोणाची?

भिलाईच्या पोलाद कारखान्याला लागून खुर्सीपार ही कामगारवस्ती आहे. कारखान्याच्या निमित्ताने आंध्र, ओडिशा, बिहार, महाराष्ट्र अशा नाना प्रांतांतील कुटुंबे या पोलादनगरीत आली आणि शेजारधर्माने राहू लागली. भाषा निरनिराळ्या, सणवार निरनिराळे. परंतु क्रिकेटचा सामना मात्र सर्वांच्या घरचा!

३० सप्टेंबर १९९७ हा दिवस भिलाईच्या विशेष अभिमानाचा. कराचीत भारत-पाकिस्तान एकदिवसीय सामना चालू होता. प्रेक्षकांतून भारतीय क्षेत्ररक्षकांवर दगड आले, खेळ थांबला आणि षटके कमी करून ४७ करावी लागली. भारतापुढे २६६ धावांचे आव्हान होते. अखेरच्या षटकात राजेश चौहान यांनी सकलेन मुश्ताकला षटकार मारला आणि भारताने बाजी मारली. चौहान जन्माने रांचीचे, खेळले मध्य प्रदेशाकडून, आणि घर भिलाईत. कर्णधार होते मुंबईचे सचिन तेंडुलकर.

हा षटकार घडला, कारण तो सामना होऊ शकला. ऑक्टोबर १९९१ मध्ये तसे झाले नव्हते. मुंबईच्या वानखेडे मैदानाची खेळपट्टी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी उखडली आणि पाकिस्तानचा नियोजित भारत-दौरा रद्द झाला. जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा कोटला मैदानावर हाच प्रकार पुन्हा घडला.

सीमेवर जवानांचे रक्त सांडत असता त्याच शेजाऱ्याशी खेळावे काय, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. राजकारण आणि खेळ यांची पूर्ण फारकत आजवर कोणास साधलेली नाही. मग योग्य काय आणि अयोग्य काय, हे कोणत्या कसोटीवर ठरवावे?

इतिहासातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि ‘इतर’ अशा संघांत खेळली जाई. जातीय विभागणीवर उभ्या असलेल्या या स्पर्धेविरुद्ध गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये मत दिले. त्यांनी लोकांच्या विवेकाला आवाहन केले. खेळपट्टीला कोणी हात लावला नाही. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद झाली. पुढे १९७४ मध्ये भारताचा टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. समोर वर्णभेदी राजवटीची दक्षिण आफ्रिका होती. भारताने खेळण्यास नकार दिला आणि हाताशी आलेला चषक सोडला.

हीच ती कसोटी : तत्त्वाची किंमत कोण मोजतो? १९७४ मध्ये नकार देणाऱ्या देशानेच ती मोजली, तीही उघडपणे. खेळपट्टी उखडणाऱ्यांचे मात्र काय गेले? गेले ते खेळाडूंचे, माळ्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या मेहनतीचे आणि सामन्याची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांचे. खेळ ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचा एकेक हंगाम मोलाचा असतो. चौहान यांची कसोटी कारकीर्द १९९३ ते १९९८ एवढीच. त्यांनी २१ कसोटी सामने खेळले आणि त्यांतील एकही भारताने गमावला नाही. अशा अल्प आयुष्यातील एक मालिका बुडाली, तर ती परत कोण देणार?

कोणाशी खेळावयाचे हे राष्ट्राने विचारपूर्वक ठरवावे. नकार द्यावयाचा असेल तर तो खुशाल द्यावा. परंतु एकदा खेळ मांडला, की मैदानावर नियम खेळाचाच चालला पाहिजे.

त्याच १९९९ सालच्या जानेवारीअखेर चेन्नईत पहिली कसोटी झाली. पाठदुखी सोसत तेंडुलकरांनी १३६ धावा काढल्या, तरी भारत अवघ्या १२ धावांनी हरला. आणि चेन्नईच्या प्रेक्षकांनी काय केले? ते उभे राहिले आणि विजयी पाकिस्तानी संघासाठी त्यांनी टाळ्या वाजविल्या. काही दिवसांनी कोटलाच्या दुरुस्त केलेल्या खेळपट्टीवर अनिल कुंबळे यांनी एकाच डावात दहाही बळी घेतले.

पुढचा सामना मुलाबाळांसह पाहताना खुर्सीपारच्या, नागपूरच्या वा बेळगावच्या घरी ही चेन्नईची गोष्ट अवश्य सांगावी. आपला संघ जिंकावा असे मनापासून वाटणे हे देशप्रेमच होय. आणि समोरच्याचा चांगला चेंडू पाहून हात आपोआप टाळीसाठी उठणे, यात त्या देशप्रेमाला कमीपणा मुळीच येत नाही.